अनुभव धागा: वाहनांचा नाद आणि आता तरी काहीतरी ठरवूया

सांधेबदल
परवा भाचीने विचारलं, "मामा, आगगाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं ना? मग दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असताना गाडी वळते कशी?" हातातलं काम तिथेच राहिलं. तिच्या वयात मलाही हेच कोडं पडलं होतं आणि "मोठा झालास की कळेल" यापलीकडे कुणी उत्तर दिलं नव्हतं.

रेल्वेचं चाक सपाट नसतं, बाहेरच्या बाजूला किंचित निमुळतं असतं. वळणावर जोडी जरा बाहेर सरकते, मग बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं आणि आतलं लहान. चाकाच्या आतल्या कडेला उठलेल्या धारेचं काम पडतं ते वळण फारच तीव्र असलं तर. हे तिला दाखवायला दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवले आणि तिरप्या धरलेल्या दोन काठ्यांवरून सोडले. डुलत डुलत, पण सरळ खाली गेले. कार्टीने लगेच दुसरे दोन घेऊन तळाला तळ चिकटवले. ते पडले. ती जाम खूश.

मी मात्र रात्रभर जागा. जन्मभर हे वेड बाळगलं, नोकरी भलत्याच खात्यात केली. निवृत्ती जवळ आली आहे, म्हणून आता ठरवलंय: सिग्नल आणि इंटरलॉकिंग अगदी पहिल्यापासून शिकायचं. एक मार्ग दिला की त्याला छेद देणारा दुसरा मार्ग देणारा खटका हलतच नाही, ही करामत नुसत्या लोखंडी पट्ट्यांनी साधलेली. इंग्लंडच्या जॉन सॅक्सबीचं पेटंट १८५६ चं. वीज नव्हती तेव्हा!

तुमचं काय? वाहन कुठलंही चालेल. ठरवून मोडलेलं पण लिहा.

खिडकीवाली
आले आले. कुकर लावून येते, जागा धरून ठेवा. खिडकीची.

भोंगा
मला डोळ्यांपेक्षा कानाने गाड्या ओळखता येतात. ऑस्ट्रियाचं टॉरस इंजिन ऐकलंय का कुणी? सुटताना चक्क सप्तक चढल्यासारखे सूर काढतं. मोटरला वीज पुरवणारं यंत्र टप्प्याटप्प्याने वारंवारता वाढवतं, त्याचा तो आवाज. नवीन इंजिनांत ते गेलं. रूळ जोडून अखंड केल्यापासून सांध्यांची धडधडही गेली. मुलाला "धडाड धडाड" करून दाखवलं तर म्हणतो, बाबा, गाडी असं कुठे करते? आता ठरवलंय की जे आवाज उरलेत ते नीट रेकॉर्ड करून, तारीख-वार टाकून ठेवायचे. फोनवर नाही, चांगल्या माइकवर.

मधला_बर्थ
@भोंगा मोटरमनच्या हॉर्नचे पण घ्या. आणि त्या पंख्याचे, ज्याला कंगव्याने ढकलून सुरू करावं लागायचं 😄

काकू_हेवी_लायसन्स
धागाकर्ते, मी लिहिते कारण माझं ठरवून झालंय. पन्नाशी उलटल्यावर अवजड वाहनाचं लायसन्स काढलं. लहानपणी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचीच सीट लागायची मला, गिअरच्या दांड्यावरचा हात बघायला. पहिल्या दिवशी स्टार्टर मारला आणि निघायला गेले तर शिकवणारे म्हणाले, थांबा बाई, काटा बघा. हवेचा दाब भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हँडब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. म्हणजे हवा गेली तर गाडी धावत सुटत नाही, जागच्या जागी धरली जाते. हे समजल्यावर भीती निम्मी झाली. सुटताना तो फुस्स आवाज येतो ना, अजून अंगावर काटा येतो. आता उद्दिष्ट: रिव्हर्समध्ये मोठी गाडी बरोबर मागे लावणे. आरशात बघून. कुणी "येऊ द्या येऊ द्या" न ओरडता.

खिडकीवाली
काकू 🙏🙏 "येऊ द्या" ऐकूनच गाडी भिंतीला लागते, खरं की नाही?

काकू_हेवी_लायसन्स
शंभर टक्के!

उंटावरचा_शहाणा
कडू बोलतो, राग नको. हौसेला टार्गेट लावलं की हौसेचं ऑफिस होतं. आमचे एक मित्र विमानांचे नंबर टिपायचे. आधी मजेत, मग वहीत, मग तक्त्यात, आणि आता एखादं विमान निसटलं की दिवसभर तोंड पाडून बसतात. मी काहीच ठरवत नाही. पुलावर उभा राहतो, जे जाईल ते बघतो.

उतारवय
@उंटावरचा_शहाणा, अर्धं पटलं. पण न ठरवण्याचीही किंमत मोजावी लागते हो. मला कॉन्कॉर्डमध्ये, त्या आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानात, बसायचं होतं. ऐपत नव्हतीच, तरी "कधीतरी" म्हणत राहिलो. २००३ मध्ये ती सेवाच बंद. एअरबसने ए३८० बनवणं २०२१ मध्ये थांबलं, बोइंगचं शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द झालं आणि तेही मालवाहू. प्रवासी ७४७ अजून उडताहेत तोवर वरच्या मजल्यावर बसायचंच. मुलीला सांगून ठेवलंय, माझ्या वाढदिवसाला शाल नको.

मधला_बर्थ
शाल 😂😂

बंदरावरून
मला जहाजं. घरात कुणालाच कळत नाही की मी फोनवर नकाशातल्या निळ्या-हिरव्या बाणांकडे तासभर का बघते. ती जहाजं असतात, हालतात!! मार्च २०२१ मध्ये ते ४०० मीटरचं एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात आडवं झालं, २३ ला अडकलं ते २९ ला सुटलं. तेवढे दिवस सासूबाई पण रोज विचारायच्या, "सुटलं का गं तुझं जहाज?" दोन्ही टोकांना थांबलेल्या जहाजांची ती गर्दी नकाशावर बघून पहिल्यांदा कळलं की आपल्या घरातलं किती काय पाण्यावरून येतं. ठरवलंय की मालवाहू जहाजावरून एक सफर करायची. कुणी केली आहे का? प्रवासी घेतात का अजून? बाळ उठलं, नंतर लिहिते.

उतारवय
@बंदरावरून, सासूबाईंना नमस्कार सांगा.

झुलता_डबा
माझी यादी वेगळी. प्रकार जमवायचे. रोपवे झाला, फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे) झाली, साखळीवर ओढली जाणारी फेरीबोट झाली. राहिली ती जर्मनीतल्या वुपर्टालची उलटी लटकणारी गाडी. १९०१ पासून चालू, मार्ग तेराएक किलोमीटरचा आणि त्यातला बराचसा नदीच्या डोक्यावरून. गंमत म्हणजे मला गाडी लागते. हो, खरंच. गोळी घेऊन जाणार.

खिडकीवाली
गाडी लागते आणि वाहनांचं वेड! देवा. समोर क्षितिजाकडे बघत बसा, वाचू नका, मागची सीट घेऊ नका. मी आलेच होते लिहायला, पण माझं रशियातल्या ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचं स्वप्न ९,२८९ किलोमीटरचं आहे, तेवढंच लांब होईल. रात्री लिहिते.

मधला_बर्थ
काल पण असंच म्हणाली होतीस, दुसऱ्या धाग्यावर.

पलंगाखालची_लाइन
आमच्याकडे जागा नाही, म्हणून रेल्वेचं मॉडेल पलंगाखाली. एन स्केल, १:१६० प्रमाण, रुळांमध्ये फक्त ९ मिलिमीटर. एका फळीला चाकं लावली आहेत, फळी बाहेर ओढायची, खेळायचं, परत ढकलायची. यंदाचं ध्येय एवढंच: गाडी एक अख्खी फेरी न घसरता मारू दे. बोगद्यात शिरते आणि तिथेच बसते. आत हात जात नाही.

सांधेबदल
@पलंगाखालची_लाइन, बोगद्याचं छप्पर सुटं ठेवा, उचलता येईल असं. आणि चाकं पुसा, धुळीने वीज तुटते. पलंगाखाली म्हणजे धूळ आलीच.

काकू_हेवी_लायसन्स
घरच्यांना विचारलंत का हो हे सगळं?

पलंगाखालची_लाइन
विचारायचं काय, बायकोने परवा पूल बांधायला घेतला. डिझाइन तिचं. आता माझ्याकडे फक्त वायरिंग आणि झाडणं.