‘इनटू द वूड्स’: मूळ संच की नवा?

परीकथांवर बेतलेलं ‘इनटू द वूड्स’ हे इंग्रजी संगीत नाटक सोलापुरात बसवायचं, तर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या कोणत्या संचाचं गाणं ऐकावं? ‘२०२२चंच रेकॉर्डिंग ऐका’ हा सल्ला निम्माच पटतो. बेकरच्या बायकोच्या भूमिकेसाठी १९८७च्या मूळ संचातली जोआना ग्लीसन ऐका. ती ओळ बोलता बोलता गाते, त्यामुळे विनोद निसटत नाही. टोनी हे अमेरिकी रंगभूमीचं पारितोषिक उगाच नाही मिळालं! त्याच संचातली बर्नाडेट पीटर्सची चेटकीण एकाच ओळीत खेकसते आणि दुखावतेही. २००२च्या नव्या आवृत्तीतली चेटकीण व्हनेसा विल्यम्स सुरेल, पण धाक कमी. शिवाय त्या आवृत्तीत एकाऐवजी लांडगे दोन, चेटकिणीच्या ‘लास्ट मिडनाइट’ गाण्याचे शब्द बदललेले, आणि १९९०च्या लंडन प्रयोगातलं चेटकीण आणि तिने वाढवलेली रापुंझेल यांचं द्वंद्वगीत घातलेलं. त्यावर पाठांतर केलं की मूळ संहितेशी मेळ बसत नाही.

नाटकातली गाय मात्र २०२२च्या संचासारखीच घ्या: बाहुली, चालवणारा नट उघड दिसणारा. १९८७ची निर्जीव गाय भाव खाऊन जात नाही. २०२२च्या संचासारखे वादक हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर मागे बसवणार असाल, तर कॉलर माइकमध्ये ड्रम शिरतो. गालालगतचे हेडसेट माइक लावा. सुरुवातीच्या लांबलचक गाण्यात ओळी एकमेकींवर चढतात. ते आधी चालीशिवाय, नुसत्या तालात बोलून बसवा.