घरी बर्न केलेल्या डीव्हीडीला प्लेयरवर आवाज नाही, लॅपटॉपवर मात्र ठणठणीत

शेवंती:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मोठ्या दिरांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती ती यूएसबी कॅप्चर लावून लॅपटॉपवर घेतली, आणि सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं मोबाईलवर केलेलं शूटिंग, अशा दोन वेगवेगळ्या डीव्हीडी बनवल्या. सासऱ्यांना पेनड्राइव्ह वगैरे काही नको, डिस्क घालायची आणि प्ले दाबायचं एवढंच त्यांना हवं असतं. तर लग्नाच्या डिस्कला चित्र एकदम मस्त, मंगलाष्टकं चाललीयत हे दिसतंय, लोक अक्षता टाकतायत, पण आवाज शून्य. पंचाहत्तरीच्या डिस्कला आवाज आहे, सुरुवातीला बरोबर आणि मग पुढेपुढे मागे पडत जातो, शेवटच्या भाषणाला तर तोंड मिटल्यावर वाक्य ऐकू येतं. प्लेयर बिघडलाय म्हणावं तर विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडी त्याच्यावर खणखणीत वाजतात. दुकानदार म्हणतो रिकाम्या डिस्क हलक्या आहेत, भारीतल्या घ्या. खरंच डिस्कचाच दोष असेल का? प्लेयरचा आवाज होम थिएटरला जोडलाय. मी सध्या गावीच आहे आणि लॅपटॉप सोबत आहे, त्यामुळे काही करून बघायचं असेल तर सांगा.

वायरमन:
ताई, भारीतल्या डिस्क आत्ताच घेऊ नका. डिस्क हलकी असली की चित्र अडकतं, चौकोन चौकोन दिसतात, नाहीतर प्लेयर डिस्क घेतच नाही. चित्र आणि आवाज एकाच व्हीओबी फाइलीत (डीव्हीडीवरची व्हिडिओची फाइल) मिसळलेले असतात, त्यामुळे डिस्क खराब असेल तर दोन्ही मार खातात, नुसता आवाज गायब आणि चित्र सुरळीत असं सहसा होत नाही.

मला आधी हे सांगा की प्लेयरमधून होम थिएटरला वायर कुठली गेलीय? लाल-पांढऱ्या दोन पिना, की एकच पिन (कोॲक्सियल), की बारीक ऑप्टिकल? आणि लॅपटॉपवर मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम टाकून डिस्कवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधली मोठी व्हीओबी उघडा, ऑडिओच्या खाली फॉरमॅट आणि सॅम्पलिंग रेट काय लिहिलाय ते इथे टाका. हे कळल्याशिवाय बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

शेवंती:
एकच नारिंगी पिन आहे. लग्नाच्या डिस्कला एमपेग ऑडिओ, लेयर २, ४८ किलोहर्ट्झ दाखवतंय. पंचाहत्तरीला एसी-३, ४८ किलोहर्ट्झ. दोन्ही वेगवेगळ्या सॉफ्टवेअरने केल्या होत्या, पहिली कॅप्चरसोबत आलेल्या सीडीतल्या प्रोग्रामने.

वायरमन:
मग पहिलीचं कोडं सुटलं. डिस्क नियमात बसणारी आहे, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम) डीव्हीडीला एमपेग लेयर २ चालतो. पण तुमच्या प्लेयरची डिजिटल वायर 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' वर असणार, म्हणजे प्लेयर आवाज स्वतः न उलगडता जसाच्या तसा होम थिएटरकडे ढकलतो. सिनेमाच्या डिस्कवर बहुतेक वेळा डॉल्बी म्हणजे एसी-३ असतो, तो होम थिएटरला कळतो. एमपेग ऑडिओ मात्र बऱ्याच होम थिएटरना उलगडता येत नाही, मग ते गप्प बसतात. व्हीएलसी (लॅपटॉपवरचा व्हिडिओ प्लेयर) सगळं स्वतःच उलगडतं म्हणून लॅपटॉपवर तुम्हाला काही जाणवत नाही.

प्लेयरच्या सेटअपमधे ऑडिओत जा, एसपीडीआयएफ किंवा डिजिटल आउट असं काहीतरी असेल, तिथे रॉ च्या जागी पीसीएम (म्हणजे उलगडलेला, न दाबलेला आवाज) करा. आवाज यायला पाहिजे. नाहीच आला तर लाल-पांढऱ्या पिना सरळ टीव्हीला लावून बघा, तिथे वाजलं की प्लेयरही निर्दोष आणि डिस्कही.

शेवंती:
आला!! एसपीडीआयएफ रॉ होतं, पीसीएम केल्याबरोबर मंगलाष्टकं सुरू, सासरे उठून पुढे येऊन बसले. पण आता धाकटे दीर कुरकुर करतायत की सिनेमा लावला तर मागच्या स्पीकरमधून काही येत नाही.

वायरमन:
येणार नाही, बरोबर आहे त्यांचं. पीसीएमवर त्या वायरीतून दोनच चॅनेल जातात, मागचे स्पीकर गप्प किंवा होम थिएटर स्वतः काहीतरी बनवून सोडेल. तात्पुरतं ठीक आहे, कायमचा इलाज म्हणजे लग्नाची डिस्क परत बनवा आणि आवाज एसी-३ मधे करा, मग सेटिंग पुन्हा रॉ वर ठेवता येईल. चित्राला हात लावू नका, ते एमपेग-२ आहेच, नुसता ऑडिओ बदलायचा. पुन्हा एन्कोड केलं की व्हीएचएसचं आधीच पातळ चित्र आणखी पातळ होतं, आणि वेळ जातो तो वेगळाच. स्टिरिओला १९२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पुरतं.

टेपरेकॉर्डर:
दुसऱ्या डिस्कबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी घुसतो. शेवंतीताई, लॅपटॉपवर ठणठणीत म्हणताय ते मोबाईलची मूळ फाइल लावून की तीच बर्न केलेली डिस्क लॅपटॉपमधे घालून? यात फार फरक आहे. डिस्क घालून, मेनूतून न जाता सरळ शेवटच्या भाषणावर उडी मारून बघा.

दुसरं, आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर ते वेगळं दुखणं, होम थिएटरच्या डिले सेटिंगमधे बघायचं, नाहीतर डिस्क बनवताना ऑडिओ थोडा सरकवायचा. पण तुम्ही म्हणता तसं अंतर वाढत जात असेल तर प्लेयर किंवा वायर यांचा काही संबंध नाही, ते कन्व्हर्ट करतानाच बिघडलंय.

शेवंती:
मूळ फाइल लावून बघितलेली. आत्ता डिस्क घातली तर लॅपटॉपवर पण तसंच, शेवटी मागे.

टेपरेकॉर्डर:
झालं तर. मोबाईल शूटिंग करताना सेकंदाला ३० फ्रेम असं म्हणतो पण पाळत नाही, अंधार पडला, मोबाईल तापला की कमी-जास्त करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडच्या पुढे दिसेल. व्हीएलसी प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचून चालवतं म्हणून मूळ फाइल नीट दिसते, पण काही डीव्हीडी सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम एकसारख्या धरून २५ मधे बसवतात, चित्राची लांबी बदलते आणि आवाज आपल्या मूळ लांबीचाच राहतो. हॉलमधला कार्यक्रम, संध्याकाळचा उजेड, तासभर सलग शूटिंग, म्हणजे अगदी हमखास केस.

उपाय असा की आधी हँडब्रेकमधे (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचा प्रोग्राम) फाइल घाला, व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट २५ आणि कॉन्स्टंट निवडा, क्वालिटी चांगली ठेवा, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. ही नवी फाइल मग डीव्हीडीस्टायलरला (डीव्हीडी बनवायचा प्रोग्राम) द्या, आवाज एसी-३ निवडून. कमांड टाइप करायची तयारी असेल तर एफएफएमपेग या प्रोग्रामचं पाल-डीव्हीडी टार्गेट (तयार सेटिंग) हे सगळं एका दमात करतं, आवाज आपोआप एसी-३ ४४८ केबीपीएस देतं.

आणि काहीही बर्न करायच्या आधी व्हिडिओ_टीएस फोल्डर लॅपटॉपवरच बनवून व्हीएलसीत शेवटचा भाग बघा, सुरुवात बघून उपयोग नाही, सुरुवातीला सगळेच गोड वाटतात. मग एक डीव्हीडी-आरडब्ल्यू घेऊन तिच्यावर टाकून गावच्या प्लेयरवर चालवा, पुसता येते. ठीक वाटलं की कायमच्या डिस्कवर.

कोणाच्या आवाजात भलताच बारीकपणा आला असेल, म्हाताऱ्या माणसाचा आवाज पोरासारखा, तर ते ४४.१ किलोहर्ट्झचं प्रकरण. जुन्या व्हीसीडीचा ऑडिओ ४४.१ चा असतो, डीव्हीडीला ४८ लागतो, न बदलता कोंबला की काही प्लेयर तो ४८ समजून पळवतात आणि मिनिटाचा आवाज ५५ सेकंदात संपतो. तुमच्याकडे तसं नाही, पण घरी व्हीसीडी पडलेल्या असतील आणि तुम्ही आता या नादाला लागलाच आहात म्हणून सांगून ठेवतो.

शेवंती:
मोडच्या पुढे व्हेरिएबलच लिहिलंय. हँडब्रेक लावलंय, लॅपटॉप गरगरतोय, रात्रभर चालेल असं दिसतंय. उद्या आरडब्ल्यूवर टाकून सांगते.

रानमेवा:
मधेच विचारतो, चालेल ना? आमच्या देवळातल्या भजनाचं रेकॉर्डिंग आहे, झूमच्या ऑडिओ रेकॉर्डरने काढलेला आवाज वेगळा आणि कॅमेरा वेगळा, आवाज छान आलाय. एसी-३ मधे दाबायचं जिवावर येतं, पीसीएम ठेवला तर प्लेयर घेईल का? कार्यक्रम दोन तासांचा.

वायरमन:
घेईल, पीसीएम प्रत्येक डीव्हीडी प्लेयरला वाजवावाच लागतो. पण हिशोब बघा, ४८ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओ पीसीएम म्हणजे १५३६ केबीपीएस, तासाला साधारण ६९० एमबी, एसी-३ १९२ वर तेच ८६ एमबी. दोन तास एका ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायचे तर चित्र आणि आवाज मिळून साधारण ५.२ एमबीपीएस मिळतात, त्यातला दीड आवाजाने खाल्ला तर चित्राला साडेतीनच्या आसपास उरतो. भजन आहे, सगळे बसलेत, कॅमेरा स्टँडवर असेल तर तेवढ्यात निभावेल. लोक नाचतायत, कॅमेरा फिरतोय असं असेल तर दोन डिस्क करा, नाहीतर एसी-३ ४४८ ठेवा, टीव्हीच्या स्पीकरवर फरक कोणाला कळायचा नाही. आणि झूमचा ऑडिओ कॅमेऱ्याला जोडताना शेवटचा गजर बघून जुळवा, दोन मशिनींची घड्याळं दोन तासात थोडी इकडेतिकडे सरकतात.