लघवी साफ, डोळा नाही

लघवीचा नमुना निगेटिव्ह आला म्हणजे जनावर साफ, त्याला चोरून औषध दिलेलं नाही, असं म्हटलं जातं. क्लेनब्यूटेरॉलच्या बाबतीत तरी हे पटत नाही. मुळात दम्याचं हे औषध चरबी घटवून मांस वाढवतं, म्हणून चोरून खाद्यात मिसळतात. कापायच्या आधी ते बंद केलं की लघवीतलं प्रमाण भराभर उतरतं. यकृतात जरा जास्त टिकतं, एवढंच. पण मेलॅनिनला, म्हणजे डोळ्यातल्या आणि केसांतल्या काळ्या रंगद्रव्याला, ते असं काही चिकटतं की डोळ्याच्या पडद्यात आणि काळ्या केसांत कित्येक आठवड्यांनीही सापडतं. म्हणून कत्तलखान्यात तपासणीसाठी डोळा काढून घेतात. आणि केस घ्यायचेच तर काळे घ्यावेत. काळ्या-पांढऱ्या गाईच्या पांढऱ्या पट्ट्यातले उपटले तर चोर सुटलाच म्हणायचा!

कधी कधी खाणाराच नमुना ठरतो. २०११ साली मेक्सिकोत १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक झाला, तेव्हा खेळाडूंच्या २०८ पैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्यूटेरॉल निघालं, तेही तिथलं मांस खाल्ल्यामुळे. गंमत म्हणजे यजमान पोरं सुटली. त्याआधी गोल्ड कप या फुटबॉल स्पर्धेच्या वेळी मेक्सिकोचे पाच खेळाडू यातच अडकले होते, त्यामुळे यांना मासे आणि भाज्यांवर ठेवलं होतं.