वॉर्डात ग्रंथपाल? आधी सलाईनचे स्टँड द्या!

रात्रपाळी: परवा इथे कुणीतरी लिहिलं, मेडिसिन विभागाला स्वतःचा ग्रंथपाल हवा, राउंडला फिरून डॉक्टरांना पेपर शोधून देणारा. डोकंच फिरलं. आमच्याकडे एका खाटेवर दोन पेशंट, आणि ह्यांना ग्रंथपाल! पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट, १९९७ पासून फुकट आहे, मोबाइल खिशात आहे.

कपाट_सात: लिहिणारी मीच. बावीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काढलीत. राउंडला ग्रंथपाल हे माझं खूळ नाही, अमेरिकेतल्या ग्रंथपाल गर्ट्रूड लॅम्बने १९७१ साली कॅन्सस सिटीत सुरू केलं. फुकट मिळणं वेगळं, शोधता येणं वेगळं. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या दम्यावरच्या अभ्यासात २४ वर्षांची धडधाकट एलन रोश श्वासावाटे हेक्सामेथोनियम हे औषध घेऊन दगावली. पबमेड तेव्हा १९६६ च्या मागे जात नसे. फुप्फुसाचा धोका सांगणारे पेपर १९५० च्या दशकातले.

रात्रपाळी: ते संशोधन हो. माझ्याकडे रात्री दोनला मण्यार चावलेला पोरगा येतो, पापण्या मिटत चाललेल्या. श्वास देणारी अँब्यू पिशवी दाबू की पेपर वाचू? तुमच्या लायब्ररीला पाचला कुलूप.

कपाट_सात: मण्यारच घ्या. एका रेसिडेंटने नुसतं ‘सर्पदंश’ टाकलं, वर आले ते नागाचे पेपर उचलले आणि केस प्रेझेंटेशनला निओस्टिग्मिन या औषधाचे गोडवे गायले. नागाच्या विषावर ते चालतं. मण्यारीचं विष नसेच्या टोकालाच निकामी करतं, तिथे या औषधाचा फारसा उपयोग नाही. दहा मिनिटांत मी दोन्ही वेगळे करून दिले असते.

रात्रपाळी: फार्मॅक, म्हणजे औषधशास्त्र, आम्हीही पास झालोय, मॅडम.

थिसिसग्रस्त: वॉर्डाचं राहू द्या. माझे १०४ संदर्भ, व्हँकुव्हर पद्धत, म्हणजे मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे. गाइडने शेवटच्या आठवड्यात बाराव्या जागी एक घुसवला. पुढचे सगळे आकडे हाताने बदलले! लायब्ररीत विचारलं तर ‘तुमचं तुम्ही बघा’.

कपाट_सात: झोटेरो वापरा, संदर्भांचे आकडे आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. मी दर बुधवारी शिकवते. तिघं येतात, त्यातले दोघं एसीसाठी.

निवृत्तसर: आम्ही इंडेक्स मेडिकसचे, म्हणजे पेपरांच्या छापील सूचीचे, ठोकळे उपसले. एक संदर्भ मिळवायला पुण्याहून मुंबई गाठायचो. तुम्हाला सगळं आयतं हवं.

थिसिसग्रस्त: आणि थिसिस टायपिस्टच नीट करून द्यायचा, तेही सांगा ना सर.

निवृत्तसर: जीभ आवरा. माझा थिसिस कपाटात आहे, उघडून बघा.

कपाट_सात: आहे. पानं अजून जोडलेलीच आहेत, कुणी कापलेली नाहीत.

रात्रपाळी: हाहा. बरं मॅडम, राउंडला नकोच. पण रात्री ग्रुपवर प्रश्न टाकला आणि सकाळी आठच्या आत उत्तर आलं, तर बघू. खाटांचं मात्र मी सोडणार नाही.

कपाट_सात: बुधवारी या, चौथे व्हाल. एसी बंद पडलाय.