स्ट्रोकचा पेशंट: उपचार गाडीतच सुरू करावेत की आधी हॉस्पिटल गाठावं?

धागाकर्ता: माझं मत स्पष्ट आहे, गाडीतच. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी मरतात आणि आपण नुसती गाडी पळवत बसतो. जर्मनीत होम्बुर्गला २००८ मध्येच सीटी स्कॅन बसवलेली अँब्युलन्स सुरू झाली, मग बाकीचे कशाची वाट बघतायत?

रातराणी: अजिबात पटलं नाही. उपचार म्हणजे नक्की कसले? तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं हे गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली तरी होतं आणि मेंदूत रक्तस्राव झाला तरी, वरून बघून कोणालाच सांगता येत नाही. चीनमध्ये २४०४ पेशंटवर अँब्युलन्समध्येच बीपी उतरवून बघितलं, २०२४ मध्ये निकाल आला, रक्तस्राववाल्यांना फायदा, गुठळीवाल्यांना उलट तोटा. म्हणून घरच्यांनी अ‍ॅस्पिरिन किंवा बीपीची गोळी चारणंसुद्धा मला धोक्याचं वाटतं.

धागाकर्ता: अहो पण मी अंदाजाने औषध द्या म्हणतच नाहीये! स्कॅन गाडीत हवं ते याचसाठी. अमेरिकेतल्या अभ्यासात (२०२१) गुठळी विरघळवायचं इंजेक्शन अशा गाडीत त्रास सुरू झाल्यापासून ७२ मिनिटांत मिळालं, नेहमीच्या पद्धतीत १०८. ही ३६ मिनिटं कमी आहेत का?

उंबरठा: मी अँब्युलन्सवर काम केलंय म्हणून लिहितोय. स्कॅनवाली गाडी असेल तर उत्तमच, पण ती किती ठिकाणी असणार, आणि साध्या गाडीत जे होतं त्याला तुम्ही दोघंही हिशोबातच धरत नाही आहात. एका काकांची उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद, सगळे स्ट्रोक स्ट्रोक म्हणत होते, शुगर बघितली तर ४२, म्हणजे फारच कमी, ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळाने काका स्वतःचं नाव सांगायला लागले. म्हणून शुगर आधी. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असेल तरच लावायचा, तोंडाने पाणीही नाही कारण गिळता येत नसलं तर फुप्फुसात जातं. आणि निघतानाच हॉस्पिटलला फोन, म्हणजे सीटीचं टेबल रिकामं ठेवतात.

रातराणी: हे मान्य. पण बऱ्याचदा त्रास कधी सुरू झाला ती वेळच कळत नाही ना?

उंबरठा: तीच खरी अडचण. घरचे सांगतात "सकाळी सहाला झालं", पण सहाला तर ते दिसलं, माणूस धड होता रात्री दहाला. इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते तास तिथून मोजतात. म्हणून ज्याने शेवटचं नीट बघितलं त्याला मी गाडीत बसवून घ्यायचो, नाहीतर त्याचा फोन नंबर तरी.

धागाकर्ता: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी स्कॅनवाल्या गाडीचा हट्ट मी सोडणार नाही.