१९७८ ची फियाट घ्यायची म्हणतोय, पुढं किंमत चढंल काय?

निपाणीचा पोरगा
नमस्कार मंडळी. गडहिंग्लजला मामांच्या ओळखीत एक प्रीमियर पद्मिनी (आपण सगळे फियाटच म्हणतो ती) विकायला आहे, १९७८ ची, पांढरी, हँडगियर (स्टिअरिंगजवळ गियरचा दांडा), पहिल्याच मालकाच्या घरात आजवर आहे. नंबर जुना तीन अक्षरी महाराष्ट्राचा, आरसी (नोंदणीचं पुस्तक) २०१५ च्या सुमारास संपलेली. इंजिन रोज थोडा वेळ सुरू करून ठेवतात म्हणायलेत. सांगायलेत १ लाख ९० हजार. आमचा चुलतभाऊ म्हणतोय डोळे झाकून घे, २०२८ ला पन्नास वर्षं पुरी होऊन विंटेज होतंय, मग डबल किंमत. बायको म्हणते त्या पैशाचं सोनं घे, ते निदान गंजत तरी नाही. मला गाडी मनापासून आवडलीय हे खरं, पण पैसे बुडायला नकोत. शिवाय गाडी महाराष्ट्रातली नि मी कर्नाटकातला, पासिंगचं (आरटीओतल्या नोंदणीचं) काय करायचं? जाणकारांनी सांगा.

उद्यमबागवाला
इंजिनाची काळजी सोडा ओ. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, काही अडलं तर बुश, पिन, ड्रम असली कामं बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून मिळतात, फक्त जुना पार्ट नमुन्याला न्या. खरी भानगड पत्र्याची. ह्या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चॅसी, त्यामुळं खालचा फ्लोअर नि दाराखालचे सिल कुजले की नुसतं दिसायचं काम राहत नाही, गाडीचा कणाच गेला म्हणायचं. आणि गडहिंग्लज-आजऱ्याकडचा पाऊस काय असतोय ते तुम्हाला सांगायला नको.

बघायला जाताना चुंबक न्या, सिलवर नि चाकाच्या कमानीवर फिरवा, जिथं धरत नाही तिथं पुट्टी. मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका, आवाज बसका आला तर वरनं डांबर फासलेलं असणार. मग मधोमध जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून लावून बघा, दार अडकायला लागलं की समजा सिल गेले, तिथनंच परत या. रंगाकडं बघू नका, रंग काय विकायच्या आधी कोणी पण मारतंय.

रोज उभ्या उभ्या सुरू करतात म्हणजे ब्रेकचे व्हील सिलेंडर जाम असणार हे धरून चाला. आणि आता पेट्रोल सगळीकडं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं), त्यातलं इथेनॉल जुनं रबर फुगवतंय, ओढून घेतलेलं पाणी टाकीत साचतंय. पाईप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरचे गॅस्केट आधी बदला, लोकल पाईप घालू नका, व्हायटॉनचा, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, मागा. ऊस आपला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, आणि फियाटचे पाईप पण आपलेच खायलंय, काय बोलायचं!

चिकोडी रोड
मी पासिंगचं सांगतो, कारण बहुतेक जण इथंच अडकतात. आरसी आधी महाराष्ट्रातच रिन्यू करून घ्या, विकणाऱ्याच्या नावावरच, आणि मगच पैसे द्या. वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, वर उशिराचे महिन्याला ५०० नियमात आहेत, तेव्हा आरटीओत जाऊन एकूण आकडा काढून घ्या आणि तो सौद्यातनं वजा करा. रिन्यूअल पाच वर्षांचं मिळतं.

आता विंटेजचं. जुलै २०२१ चा केंद्राचा नियम आहे, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं, गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. फी २०,००० आणि दहा वर्षांची मुदत. पण चुलतभावाला हे सांगा की तसली नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं नि दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे तुम्ही पोरांना घेऊन संकेश्वरला जेवायला जाणार असाल तर ते यात बसत नाही. नुसता शिक्का बसल्यानं डबल पैसे कोण देणार?

आणि एक, कर्नाटक पासिंग करायचं तर एनओसी, इथला टॅक्स वगैरे आलंच, पण सगळ्यात वाईट म्हणजे जुना तीन अक्षरी नंबर जाऊन केए २३ (चिकोडी आरटीओचा) येणार. हौशी लोक त्या नंबरचेच पैसे मोजतात राव.

टिळकवाडी ८६
किमतीवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. बातम्यांत येतं ते वेगळं जग आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली, पण त्या मॉडेलच्या गाड्या जगात मोजून ३६ च्या आसपास, आणि रेसचा इतिहास पाठीशी. पद्मिनी २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होती, गल्लोगल्ली होती.

माझं मत असं की जुन्या गाडीला पैसा तोच मोजतो ज्याला लहानपणी ती परवडत नव्हती आणि आता परवडते. फियाटवर जीव असलेली पिढी आता साठीच्या पुढं गेली, त्यांच्या पोरांना गाडी ठेवायला जागा नाही की हौस नाही. आज तिशी-चाळिशीतली पोरं जिप्सी, काँटेसा, आरएक्स १०० मागायलेत, खरं की नाही सांगा. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ ची, म्हणजे २०३३ ला ती पण पन्नाशीची होणार, तेव्हा गर्दी तिकडं असणार.

कॅम्पातली काँटेसा
टिळकवाडी, अर्धंच पटलं. गल्लोगल्ली *होती* म्हणताय तेच तर, आता कुठं आहे? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, बाकीच्या भंगारात. चांगली, एकहाती, मूळ काचा, मूळ हबकॅप, मूळ मीटर असलेली गाडी शोधायला जा म्हणजे कळंल. ज्या गाडीवर मॅगव्हील (फॅन्सी अलॉय चाकं), एलईडी आणि मारुतीचे सीट घातलेत तिला कोण विचारत नाही. फरक मॉडेलमध्ये नाही, कुठल्या अवस्थेत राहिलीय त्यात आहे. निपाणीकर, मूळ बिल, जुनं टॅक्स बुक, टूलकिट आहे काय विचारा, असलं तर त्याचे पैसे वेगळे द्यायला पण हरकत नाही.

हां, सोन्याशी तुलना करू नका. शेड, बॅटरी, इन्शुरन्स, टायर हे सगळं धरलं तर कोणाचीच फियाट सोन्याला गाठत नाही, माझी काँटेसा तर नाहीच.

निपाणीचा पोरगा
सगळ्यांना धन्यवाद. मामांशी बोललो, त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड मोकळी आहे. गाडी त्यांच्याच नावावर घेऊन तिकडंच ठेवली तर? मी रविवारी जाऊन फिरवणार. टूलकिटचं विचारलं, आहे म्हणाले, बिल शोधायलेत.

चिकोडी रोड
हेच करा की. दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांवर ठेवली तरच नंबर बदलायचा प्रश्न येतो, तुमची तर गडहिंग्लजलाच राहणार. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटंल, गाडीचा तर आजच सुटला. फक्त इन्शुरन्स मामांच्या नावानं काढा आणि आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या पट्टीशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

उद्यमबागवाला
आणि जॅक न्यायला विसरू नका. सिल गेलेले निघाले तर १ लाख २० हजारच्या वर एक रुपया बोलू नका, पत्र्याच्या कामात तेवढेच परत जाणार.