टाटा ६९७ इंजिन: ३ आणि ४ नंबर सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, तेल टाकल्यावर वाढतं. रिंग की हेड पॅकिंग?

प्रश्न
गाडी टाटा १६१३, सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, मायको इनलाइन डिझेल पंप. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, चालू झाल्यावर पांढरा धूर आणि मिसिंग. गरम झाल्यावर सुधारतं, पण चढाला ओढ कमी. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही. इंजिन गरम असताना सगळे नोझल (डिझेल फवारणारे) काढून घेतलेलं कॉम्प्रेशन (पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब), चौरस सेंटीमीटरला किलोमध्ये: १–२४, २–२३, ३–१५, ४–१६, ५–२४, ६–२३. ३ नंबरमध्ये १० मिली इंजिन ऑइल टाकलं, तर आकडा १९ झाला. मेकॅनिक म्हणतात पिस्टनच्या रिंग गेल्या, पूर्ण इंजिन खोला. त्याआधी खात्री कशी करू?

उत्तर १
तेलाच्या आकड्यावरून इंजिन खोलू नका. ही चाचणी पेट्रोलची, डिझेलला फसवते. हिशोब बघा: बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२८ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ९४६ सीसी. १७:१ कॉम्प्रेशन रेशो धरला तर पिस्टन टॉपला असताना वर जागा उरते जेमतेम ५९ सीसी. त्यात १० मिली तेल पिस्टनच्या वाटीत बसलं की उरले ४९, आणि रेशो झाला २० च्या वर. रिंग ठणठणीत असली तरी आकडा चढणारच. तेच तेल १ नंबरमध्ये टाकलंत तर २४ चे ३० च्या आसपास दिसतील. जास्त तेल तर मुळीच नको, पिस्टन तेलावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो.

गेजही तपासा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा परत न सोडणारा) नोझलच्या भोकात बसणाऱ्या अडॅप्टरच्या टोकाशीच हवा. तो वर गेजजवळ असेल तर पाइपातली जागाही त्या ५९ मध्ये धरली जाते आणि सगळेच आकडे खाली येतात. तुमचे चार सिलिंडर मात्र सारखे आहेत, त्यामुळे ३ आणि ४ मधली खोट खरी आहे.

उत्तर २
शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले की पहिला संशय हेड पॅकिंगवर (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट), दोन बोअरच्या मधल्या पट्टीवर. ती जळली तर हवा या सिलिंडरातून त्यात जाते, पाण्याशी संबंध येत नाही. म्हणून रेडिएटर भरलेला राहतो.

आधी थंड इंजिनवर टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बघा: इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिमी. गॅप उरला नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टॅपेट लावून दोन्हींचं कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. बॅटऱ्या पूर्ण चार्ज, एअर फिल्टरचा एलिमेंट बाहेर, स्टॉप केबल ओढलेली, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच सात-आठ ठोके. काटा कसा चढतो तेही पाहा: पहिल्या ठोक्याला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर रिंग, सुरुवातीलाच अडकून तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग.

तरीही कमीच आलं तर ३ नंबर फायरिंगच्या टॉपला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन सर्वात वर) आणून नोझलच्या भोकातून ५-६ किलो हवा सोडा. गिअर न्यूट्रल, क्रँकवरचा पाना काढून ठेवा, हवेनं इंजिन फिरतं. ब्रीदरमधून (इंजिनच्या तळातली हवा बाहेर सोडणारी नळी) जोरात फुसफुस आली तर रिंग. थोडी हवा तिथून नेहमीच येते.

प्रश्नकर्ता
पुलीवरची खूण १ नंबरची आहे. ३ चा टॉप कसा धरायचा?

उत्तर २
फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे ३ ची जोडी ४. ४ नंबरचा एक्झॉस्ट बंद होत असताना इनलेट उघडू लागतो, दोन्ही रॉकर एकदम हलतात. त्या क्षणी ३ फायरिंगच्या टॉपला.

इथेच एक फसगत होते. तेव्हा ४ चे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. पॅकिंग फुटलेलं असेल तर ३ ची हवा ४ मध्ये शिरून सायलेन्सर आणि एअर फिल्टरमधून बाहेर पडते, आणि ३ चा व्हॉल्व्ह जळला असं वाटतं. म्हणून आधी ४ च्या नोझलच्या भोकावर तळहात धरा. तिथे झोत लागला तर पॅकिंगच, हेड काढणं पुरेसं. मग ४ फायरिंगच्या टॉपला आणून त्यात हवा सोडून ३ च्या भोकावर तसंच करून बघा.

उत्तर १
हेड निघालं तर नुसतं पॅकिंग बदलून बसवू नका. ३-४ च्या मधल्या भागात हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं बसलेली जागा शोधा, तिथे हवा जाऊन धातू खाल्लेला असू शकतो. नोझल परत बसवताना जुना तांब्याचा वॉशर भोकात राहिला नाही ना, हे टॉर्च लावून पाहा. दोन वॉशर झाले तर नोझल वर राहतं, फवारा वाटीत नीट पडत नाही आणि धूर तसाच राहतो.